डॉक्टर थॉमस हॉजकिन

थोर पुरुषांचीं नांवें जगांत अनेक रीतींनीं मागें राहतात. कोणाचें नांव शहराला मिळतें, कोणाचें रस्त्याला, तर कोणाचें एखाद्या शाळेला किंवा इस्पितळाला. परंतु एखाद्या सज्जनाचें नांव एका दुर्धर रोगालाच मिळावें, आणि त्या रोगाच्या नांवानेंच तो दीडशें वर्षांहून अधिक काळ लोकांच्या तोंडीं राहावा, हें थोडें चमत्कारिक वाटण्यासारखें आहे. डॉक्टर थॉमस हॉजकिन यांच्या वांट्यास असा मान आला. हॉजकिनचा रोग हें नांव जगांतील सर्व डॉक्टरांच्या ओळखीचें आहे. पण हे हॉजकिन कोण होते, त्यांनीं काय केलें व काय सोसलें, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. आमच्या विद्यार्थी-वाचकांस व त्यांच्या आईबापांस या पुरुषाची ओळख करून द्यावी, आणि ज्या रोगापुढें त्यांस हात टेकावे लागले तो रोग मागून येणाऱ्यांनीं अनेक औषधें एकत्र योजून कसा जिंकला हेंही सांगावें, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

थॉमस हॉजकिन यांचा जन्म ता. १७ ऑगस्ट १७९८ रोजीं लंडन शहराच्या पेंटनव्हिल नांवाच्या भागांत झाला. त्यांचें घराणें क्वेकर पंथाचें होतें. ख्रिस्ती धर्मांतील हा एक लहानसा पंथ. या पंथाचे लोक साधा पोशाख करीत, कधीं शपथ घेत नसत, लढाईंत भाग घेत नसत, आणि समोर सरदार असो वा मजूर असो, दोघांशीं सारख्याच रीतीनें बोलत. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध इंग्लंडांत ज्यांनीं प्रथम आवाज उठविला त्यांत हे लोक आघाडीस होते. थॉमस यांचे वडील जॉन हॉजकिन हे खाजगी शिक्षक होते. त्यांनीं आपल्या दोन्ही मुलांस शाळेंत न घालतां घरींच शिकविलें. भाषा, गणित व शास्त्रें यांचा पाया तेथेंच पक्का झाला. पण त्याहून मोठी गोष्ट अशी कीं, जें डोळ्यांनीं दिसेल तेंच सांगावें व जें सत्य वाटेल तें कोणाचीही भीड न धरतां बोलावें, ही संवय त्यांस त्या घरांत लागली. या संवयीनेंच त्यांस पुढें कीर्ति दिली, आणि या संवयीनेंच त्यांची नोकरीही घालविली.

तरुणपणीं थॉमस यांनीं विल्यम ॲलन नांवाच्या प्रसिद्ध क्वेकर औषध-व्यापाऱ्याच्या दुकानांत कांहीं काळ उमेदवारी केली. हे ॲलन रसायनशास्त्राचे जाणते होते व गुलामगिरीचे कट्टे वैरी होते. औषधें कशीं बनतात व दीनांसाठीं कसें झटावें, हे दोन्ही धडे शिष्यास एकाच जागीं मिळाले. त्या काळीं ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील पदव्या इंग्लंडच्या राजमान्य चर्चच्या अनुयायांसच मिळत. क्वेकरांस तीं दारें बंद होतीं. म्हणून हॉजकिन यांनीं प्रथम लंडनच्या गायज् इस्पितळांत व नंतर स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील विद्यापीठांत वैद्यकाचा अभ्यास केला. मध्यंतरीं १८२१ सालीं ते पॅरिसला गेले. तेथें लेनेक नांवाच्या फ्रेंच वैद्यानें रोग्याच्या छातीचे आवाज ऐकण्याची नळी, म्हणजे आजच्या स्टेथॉस्कोपची आजी, शोधून काढल्यास पुरतीं दहा वर्षेंही झालीं नव्हतीं. हॉजकिन यांनीं ती विद्या आत्मसात् केली आणि लंडनास परतल्यावर गायज् इस्पितळांतील मंडळींस तिचा उपयोग समजावून दिला. १८२३ सालीं ते एडिंबरोचे एम. डी. झाले.

१८२६ सालीं गायज् इस्पितळाच्या नव्या वैद्यकशाळेंत त्यांची नेमणूक झाली. काम कोणालाही हेवा वाटण्यासारखें नव्हतें. इस्पितळांत जे रोगी दगावत त्यांच्या देहांची चिरफाड करून मृत्यूचें कारण शोधावयाचें, रोगानें बिघडलेले अवयव जतन करून संग्रहालयांत मांडावयाचे, आणि त्यांवरून विद्यार्थ्यांस व्याख्यानें द्यावयाचीं. त्या वेळीं पुष्कळ डॉक्टर रोगाचें निदान बाहेरच्या लक्षणांवरूनच करीत. आंत काय बिघडलें आहे याचा कसून शोध घेणारे थोडे. हॉजकिन यांनीं हें काम दहा वर्षें अत्यंत निष्ठेनें केलें. प्रत्येक रोग्याची हकीकत, त्याच्या देहांत दिसलेला फरक व जतन केलेला नमुना, या तिहींची त्यांनीं नीट सांगड घातली. १८२९ सालीं त्यांनीं या संग्रहालयाची सविस्तर सूचि छापून प्रसिद्ध केली. गायज् इस्पितळांत त्याच वेळीं रिचर्ड ब्राइट व थॉमस ॲडिसन हे दुसरे दोन नामांकित वैद्य होते. या तिघांचींही नांवें पुढें एकेका रोगाला मिळालीं, यावरून त्या एका इस्पितळांत त्या काळीं केवढें काम चाललें होतें याची कल्पना येईल.

याच सुमारास जोसेफ जॅक्सन लिस्टर या गृहस्थांशीं त्यांचा स्नेह जडला. लिस्टर हे मद्याचे व्यापारी, पण फावल्या वेळीं भिंगें घासून उत्तम सूक्ष्मदर्शक यंत्रें सिद्ध करीत. जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धति ज्यांनीं पुढें घालून दिली ते जोसेफ लिस्टर यांचेच चिरंजीव. १८२७ सालीं या दोघां मित्रांनीं रक्ताचा थेंब यंत्राखालीं ठेवून पाहिला व त्यांतील तांबडे कण चेंडूसारखे वाटोळे नसून दोहों बाजूंनीं मध्यें खोलगट असलेल्या चकतीसारखे असतात, आणि ते कधीं कधीं नाण्यांच्या चळतीप्रमाणें एकमेकांवर रचले जातात, असें प्रसिद्ध केलें. आज शाळेच्या पुस्तकांत तांबड्या कणाचें जें चित्र मुलें काढतात त्याचा उगम असा आहे.

आतां ज्या शोधामुळें हॉजकिन अमर झाले त्याकडे वळूं. आपल्या मानेंत, काखेंत, जांघेंत व पोटाच्या आंतही वाटाण्याएवढ्या लहान लहान गांठी असतात. यांस लसिका-ग्रंथि म्हणतात. शरीरांत शिरलेल्या रोगजंतूंस अडविणें हें त्यांचें काम. पायाला जखम झाली म्हणजे जांघेंत अवधाण येतें, घसा बिघडला म्हणजे जबड्याखालीं गांठ हातास लागते, तो या ग्रंथींचाच प्रताप होय. जखम बरी झाली कीं ती सूजही ओसरते. क्षयरोग या ग्रंथींत शिरला म्हणजे मानेभोंवतीं गांठींची जणुं माळ होते. तिला आपल्याकडे गंडमाळ म्हणतात. हॉजकिन यांच्या काळीं मानेंत मोठी गांठ दिसली कीं ती गंडमाळच, असा सर्वांचा समज असे.

परंतु हॉजकिन यांच्यापुढें कांहीं देह असे आले कीं, त्यांचा या समजुतीशीं मेळ बसेना. त्यांतील पहिला एक नऊ वर्षांचा मुलगा होता. त्याच्या ग्रंथि पुष्कळ वाढल्या होत्या व प्लीहाही रोगट झाली होती. अशींच चिन्हें कांहीं मोठ्या माणसांच्या देहांतही दिसलीं. हॉजकिन यांनीं घाई केली नाहीं. कित्येक वर्षें हकीकती जमवून, देहांतील फरक ताडून पाहून, शेवटीं त्यांनीं असें ठरविलें कीं, ही वाढ क्षयाची नव्हे, दुसऱ्या कोणत्या जखमेमुळें आलेली सूजही नव्हे. हा त्या ग्रंथींचाच मूळचा स्वतंत्र रोग असला पाहिजे. १८३२ च्या जानेवारींत त्यांचा यासंबंधींचा निबंध लंडनच्या वैद्यकीय मंडळापुढें वाचण्यांत आला. ते स्वतः त्या मंडळाचे सभासद नसल्यानें तो मंडळाच्या चिटणीसानें वाचला. त्यांत एकंदर सात रोग्यांची हकीकत होती. त्यांपैकीं एक रोगी त्यांचा स्वतःचा नव्हता. रॉबर्ट कार्सवेल या दुसऱ्या डॉक्टरांनीं काढलेल्या चित्रांवरून त्याचें वर्णन केलें होतें, आणि तसें त्यांनीं स्पष्ट नमूद केलें. इतकेंच नव्हे, तर सुमारें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं इटलींतील माल्पिगी या शास्त्रज्ञानें अशाच कांहीं प्रकाराचा उल्लेख केला होता, हेंही त्यांनीं सांगून टाकलें. दुसऱ्याचें श्रेय दुसऱ्यास देणें, हा गुण विद्वानांतही सर्वत्र आढळत नाहीं.

त्या निबंधांत एका गोष्टीची मात्र उणीव होती, व ती म्हणजे रोगावरील उपाय. खात्रीनें सांगतां येईल असें औषध त्यांच्यापाशीं नव्हतें, कारण तसें तें जगांत कोठेंच नव्हतें. निबंध वाचला गेला, छापला गेला, आणि कपाटांत जाऊन पडला. पुढें तीस वर्षांहून अधिक काळ त्याकडे जवळजवळ कोणीही लक्ष दिलें नाहीं. ज्याच्यावर इलाज नाहीं त्याचें नुसतें वर्णन करून काय उपयोग, असा प्रश्न आमच्या एखाद्या हुशार वाचकाच्या मनांत येईल. त्याचें उत्तर या लेखाच्या शेवटीं मिळेल. तोंवर त्यानें थोडा धीर धरावा.

आतां हॉजकिन यांच्या आयुष्यांतील कसोटीचा प्रसंग सांगावयाचा. ज्या देशांत गोऱ्या लोकांनीं वसाहती केल्या तेथील मूळच्या रहिवाशांचे हाल ऐकून त्यांचें मन फार व्यथित होई. उत्तर अमेरिकेंत हडसन्स बे कंपनी नांवाची एक बलाढ्य व्यापारी कंपनी केसाळ कातड्यांचा व्यापार करीत असे. तेथील मूळ रहिवासी कातडीं आणून देत. त्यांच्याशीं होणाऱ्या व्यवहारांत दारूचाही शिरकाव झाला होता व त्या लोकांची दैना होत होती. हॉजकिन यांनीं याविषयीं माहिती गोळा केली व ती बेंजामिन हॅरिसन यांच्यापुढें मांडली. हे हॅरिसन गायज् इस्पितळाचे खजिनदार, म्हणजे तेथील सर्वसत्ताधीशच. आणि त्याच कंपनीच्या कारभारांतही त्यांचें मोठें अंग होतें. ज्याच्या हातीं आपली बढती आहे त्यासच त्याच्या कंपनीचा दोष दाखविणें हें व्यवहारी माणसाचें काम नव्हे, हें हॉजकिन यांस कळत नव्हतें असें नाहीं. पण घरीं शिकलेला धडा त्यांच्या हाडांत भिनला होता.

१८३७ सालीं ॲडिसन यांस बढती मिळाली व साहाय्यक वैद्याची त्यांची जागा रिकामी झाली. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर ती हॉजकिन यांस मिळेल असें पुष्कळांस वाटत होतें. परंतु हॅरिसन यांची मर्जी फिरलेली होती. शिवाय हॉजकिन यांचीं सुधारक मतें व साधा क्वेकर पोशाखही त्यांस रुचत नसे. ती जागा बेंजामिन गाय बॅबिंग्टन यांस देण्यांत आली. हे गृहस्थ पूर्वीं आपल्या हिंदुस्थानांत मद्रास इलाख्यांत मुलकी नोकरींत होते व तामिळ भाषेचे चांगले जाणकार होते. त्यांची योग्यता कमी होती असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्यानें आपलीं उमेदीचीं वर्षें त्या इस्पितळाच्या मृतशाळेंत व संग्रहालयांत घालविलीं, तो बाजूस राहिला. हॉजकिन यांनीं राजीनामा दिला व ते बाहेर पडले. तेव्हां त्यांचें वय एकूणचाळीस वर्षांचें होतें. त्यांच्या शास्त्रीय संशोधनाचा बहर त्या दिवशींच संपला, असें म्हटलें तरी चालेल.

त्यांनीं माफी मागितली असती, किंवा नुसतें गप्प राहिले असते, तर? आमच्या वाचकांनीं या प्रश्नाचा विचार आपल्या मनाशीं करावा. शास्त्राच्या दृष्टीनें पाहतां जगाचें नुकसान झालें, हें कबूल केलें पाहिजे. पण जो मनुष्य परक्यांच्या दुःखाविषयीं गप्प बसण्यास शिकतो, तो मृत देहापुढें बसून खरें तेंच लिहील याची तरी खात्री काय? आम्हांस वाटतें, त्यांचे हे दोन गुण एकाच झाडाच्या दोन फांद्या होत्या. एक तोडून दुसरी हिरवी राहिली नसती.

त्याच वर्षीं, म्हणजे १८३७ सालीं, हॉजकिन व त्यांचे मित्र यांनीं निरनिराळ्या देशांतील मूळ रहिवाशांच्या रक्षणासाठीं लंडनांत एक संस्था स्थापन केली. पुढचीं जवळजवळ तीस वर्षें त्यांनीं या कार्यास वाहून घेतलें. अर्ज लिहिणें, सरकारी अधिकाऱ्यांस भेटणें, दूरदूरच्या बातम्या छापून लोकांपुढें ठेवणें, हें त्यांचें नित्याचें काम झालें. डॉक्टरी धंदाही ते करीत, पण पैसा मिळविण्याची हातोटी त्यांस कधींच साधली नाहीं. गरिबांस ते फुकट तपासत व श्रीमंतांकडून फी मागण्याचा त्यांस संकोच वाटे. एका धनवान् रोग्यानें रात्रभर केलेल्या शुश्रूषेबद्दल सही केलेला कोरा चेक त्यांच्या हातीं दिला असतां त्यांनीं त्यावर फक्त दहा पौंडांचा आंकडा घातला, अशी एक गोष्ट सांगतात. कामकरी लोकांसाठीं त्यांनीं आरोग्यावर व्याख्यानें दिलीं व तीं पुस्तकरूपानें छापलीं. स्वच्छ हवा, स्नान, व्यायाम व मित आहार यांचें महत्त्व त्यांनीं साध्या भाषेंत समजावून सांगितलें.

त्यांच्या संसारासंबंधीं दोन शब्द. तरुणपणीं त्यांचें मन आपल्या एका सख्ख्या नात्यांतील बहिणीवर जडलें होतें. परंतु क्वेकर पंथांत अशा नात्यांत विवाह निषिद्ध होता. त्यांनीं नियम बदलावा म्हणून खटपट केली, पण तो मोडला नाहीं. अखेर १८५० सालीं, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, त्यांनीं एका विधवा स्त्रीशीं विवाह केला व उरलेला काळ सुखानें घालविला.

सर मोझेस माँटेफिओरी नांवाचे एक अत्यंत उदार ज्यू गृहस्थ त्यांचे जिवलग मित्र होते. जेथें ज्यू लोकांवर जुलूम होई तेथें हे गृहस्थ स्वतः जात व त्यांस साहाय्य करीत. एक ज्यू व एक क्वेकर, पण दीनांच्या सेवेंत दोघांचाही धर्म एकच होता. १८६६ सालीं पॅलेस्टाइनमध्यें दुष्काळ व रोगराई माजली असतां माँटेफिओरी तेथें निघाले, तेव्हां हॉजकिनही त्यांच्याबरोबर गेले. वाटेंत जाफा बंदरीं त्यांस पोटाचा तीव्र विकार जडला, आणि एप्रिल १८६६ मध्यें त्यांनीं तेथेंच देह ठेविला. माँटेफिओरी यांनीं मित्राच्या समाधीवर एक उंच दगडी स्तंभ उभारविला.

त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षीं एक सुंदर गोष्ट घडली होती. गायज् इस्पितळांतील सॅम्युएल विल्क्स या तरुण डॉक्टरांस हाच ग्रंथींचा रोग आढळला व तो आपणच प्रथम पाहिला असें त्यांस कांहीं काळ वाटलें. पण जुने लेख चाळतांना १८३२ चा तो निबंध त्यांच्या हातीं लागला. दुसरा कोणी असता तर त्यानें तो पुन्हां कपाटांत ठेवला असता. विल्क्स यांनीं १८६५ सालीं आपल्या लेखाच्या मथळ्यांतच या रोगास हॉजकिनचा रोग असें नांव दिलें. ज्यानें दुसऱ्याचें श्रेय लपविलें नाहीं त्याचेंही श्रेय दुसऱ्यानें लपविलें नाहीं. आणखी एक नवल असें कीं, हॉजकिन यांनीं जतन केलेल्या गांठी संग्रहालयांत शाबूत राहिल्या होत्या. १९२६ सालीं हर्बर्ट फॉक्स या शास्त्रज्ञानें त्यांतील तीन रोग्यांच्या गांठींचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले, तों दोघांत खरोखर तोच रोग निघाला. जें निदान हॉजकिन यांनीं नुसत्या डोळ्यांनीं केलें होतें तें जवळजवळ शंभर वर्षांनीं यंत्रानें खरें ठरविलें.

आतां रोगाची पुढची कथा सांगूं. हा रोग म्हणजे लसिका-ग्रंथींचा एक प्रकारचा कर्करोग आहे. तो पुष्कळदां ऐन तारुण्यांत येतो, म्हणून अधिकच दुःखद. विसाव्या शतकाच्या आरंभीं क्ष-किरण आले. रोग एकाच जागीं असेल तर त्यांचा उपयोग होऊं लागला. पण सर्व अंगांत पसरलेल्या रोगापुढें किरणांचें कांहीं चालेना. पहिलें औषध मिळालें तें युद्धांतील विषांतून. पहिल्या महायुद्धांत मस्टर्ड नांवाच्या विषारी वायूनें हजारों सैनिक होरपळले. या विषानें रक्तांतील पांढऱ्या पेशी नाश पावतात असें दिसून आलें. तेव्हां त्याच जातीचें एक द्रव्य, नायट्रोजन मस्टर्ड, १९४२ सालीं अमेरिकेंतील येल येथें ग्रंथींच्या कर्करोगानें पीडित अशा एका रोग्यास देऊन पाहिलें. गांठी लोण्यासारख्या विरघळल्या. पण थोड्याच दिवसांत त्या पुन्हां वाढल्या आणि रोगी दगावला. पुढें आणखी औषधें निघालीं. प्रत्येकाची तीच तऱ्हा. एकेकट्या औषधानें रोग कांहीं काळ दबे, मग उसळून येई.

असें कां होतें? अमेरिकेंतील हॉवर्ड स्किपर यांनीं उंदरांवर प्रयोग करून याचा हिशेब मांडला. औषधाची एक मात्रा सर्व रोगट पेशी मारीत नाहीं. ती ठराविक प्रमाणांत मारते. शंभरांतील नव्व्याण्णव मेल्या तरी एक उरते व तिच्यापासून पुन्हां शंभर होतात. शिवाय उरलेल्यांत कांहीं पेशी त्या औषधास दाद न देणाऱ्या असतात. तेव्हां निरनिराळ्या मार्गांनीं मारणारीं अनेक औषधें एकाच वेळीं द्यावीं, म्हणजे एकास जी दाद देणार नाहीं ती दुसऱ्याच्या तडाख्यांत सांपडेल, आणि असे तडाखे पुन्हां पुन्हां द्यावे, हाच उपाय दिसत होता. म्हाताऱ्यानें मुलांस काठ्यांची मोळी मोडावयास दिल्याची गोष्ट आमच्या बालवाचकांस ठाऊक आहेच. येथें त्या मोळीचें बळ रोग्याच्या बाजूस आणावयाचें होतें.

१९६४ सालीं बेथेस्डा येथील अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत व्हिन्सेंट डेव्हिटा या तरुण डॉक्टरांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ही परीक्षा आरंभिली. चार औषधें निवडलीं: नायट्रोजन मस्टर्ड, व्हिनक्रिस्टीन, प्रोकार्बाझीन व प्रेडनिसोन. तीं निवडतांना एक खुबी साधली होती. प्रत्येकाची मारण्याची तऱ्हा निराळी, आणि प्रत्येकापासून होणारा मुख्य अपायही शक्य तों निराळा, म्हणजे चारींचा भार एकाच अवयवावर पडूं नये. दोन आठवडे औषध, दोन आठवडे विश्रांति, अशा निदान सहा फेऱ्या ठरविल्या. विश्रांतीच्या काळांत हाडांच्या आंतील मगजांत नवें रक्त तयार होण्यास अवकाश मिळे. या बेतास पुष्कळ अनुभवी डॉक्टरांचा विरोध होता. मरणोन्मुख माणसास एक विष पुरे नव्हे काय, चार कशाला, असें त्यांस वाटे. त्यांची भीति अगदींच निराधार नव्हती. रोग्यांस भयंकर वांत्या होत, केंस जात, रक्त कमी होई. पुष्कळांस पुढें संतति होत नसे, आणि कांहींस कालांतरानें रक्ताचा दुसरा कर्करोगही होई. परंतु रोग पसरलेल्या ४३ जणांचा वृत्तांत १९७० सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यांपैकीं ३५ जणांच्या शरीरांत रोगाचा मागमूसही उरला नव्हता असें दिसून आलें. एकट्या औषधानें हें चारांतून एकासही कठिणच साधे. पुढें अनेक वर्षें या रोग्यांवर नजर ठेवण्यांत आली, आणि त्यांतील पुष्कळांचा रोग पुन्हां कधींच परतला नाहीं. सर्वांगांत पसरलेला मोठ्या माणसांचा कर्करोग औषधांनीं बरा होतो, हें जगास प्रथम पटविणाऱ्या मोजक्या परीक्षांत हिची गणना होते.

या चार औषधांतील व्हिनक्रिस्टीन कोठून आलें हें ऐकून आमच्या वाचकांस आनंद होईल. तें आपल्या अंगणांत बारा महिने फुलणाऱ्या सदाफुलीपासून काढतात. मूळची मादागास्कर बेटांतील ही वनस्पति आपल्याकडे इतकी रुळली आहे कीं, तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाहीं. तिच्याच पानांत तरुणांस जीवदान देणारें द्रव्य लपलें होतें.

कथा येथें संपली नाहीं. बरें करणारें औषधच पुढें अपाय करतें, हें डॉक्टरांस सलत होतें. इटलींतील मिलान येथें जान्नी बोनाडोना यांनीं दुसरीं चार औषधें जुळविलीं व १९७५ सालीं त्यांचा वृत्तांत दिला. त्यांतही एक सदाफुलीचेंच होतें. मग कोणती जोडी चांगली हें ठरविण्यासाठीं रोग्यांचे गट पाडले. कोणास कोणतें औषध द्यावयाचें हें डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवतां चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरविलें, म्हणजे पक्षपातास जागा नको. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ३६१ रोग्यांच्या अशा परीक्षेंत मिलानचीं औषधें अधिक गुणकारी व कमी अपायकारक ठरलीं. हींच औषधें पुढें जगभर रूढ झालीं. तरीही कांहींचा रोग अत्यंत चिवट निघे व उलटून येई. त्यांच्यासाठीं शरीराच्या स्वतःच्या रक्षक पेशींस जागें करणारीं नवीं औषधें निघालीं. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेंत बारा वर्षांच्या मुलांपासून वृद्धांपर्यंत, रोग पुष्कळ पसरलेले सुमारें एक हजार रोगी होते. असें एक नवें औषध जुन्या तीन औषधांबरोबर ज्यांस दिलें, त्यांपैकीं शेंकडा ९२ जणांचा रोग दोन वर्षांनींही आटोक्यांत होता. तुलनेच्या गटांत हें प्रमाण शेंकडा ८३ होतें.

या प्रत्येक परीक्षेंत स्वखुषीनें सामील झालेल्या रोग्यांचें स्मरण आम्हांस येथें केलें पाहिजे. आपण वांचूं कीं नाहीं हें त्यांस ठाऊक नव्हतें. पण आपल्या अनुभवानें मागच्यांची वाट सुकर होईल हें ठाऊक होतें. त्यांची नांवें कोणत्याच रोगास मिळालीं नाहींत.

आईबापांसाठीं एक व्यवहाराची गोष्ट. मुलाच्या मानेंत किंवा काखेंत न दुखणारी गांठ दोनतीन आठवडे राहिली, वाढूं लागली, किंवा तिच्याबरोबर ताप, रात्रीं घाम व वजन कमी होणें हीं चिन्हें दिसलीं, तर घरगुती लेप लावून वेळ दवडूं नये. आपल्या देशांत अशी गांठ पुष्कळदां क्षयाची असते, आणि तोही औषधानें बरा होतो. पण ती कशाची आहे हें गांठीचा तुकडा तपासूनच नक्की कळतें. हॉजकिन यांनीं दोन्हींतील भेद प्रथम दाखविला तो यासाठींच उपयोगी.

ज्या वाचकास आम्ही धीर धरावयास सांगितलें होतें त्यास आतां उत्तर मिळालें असेल. ज्याच्यावर इलाज नाहीं त्याचें नुसतें वर्णन करून काय उपयोग? उपयोग हा कीं, ज्यास नांव नाहीं व ज्याची ओळख नाहीं त्यावर औषध कोण शोधणार? नऊ वर्षांच्या त्या मुलास हॉजकिन वांचवूं शकले नाहींत. परंतु त्याच्या देहाजवळ बसून त्यांनीं जें पाहिलें तें खरेपणानें लिहून ठेविलें. त्यानंतर एकशेंबत्तीस वर्षांनीं त्या लिखाणाच्या टोकाशीं चार औषधें येऊन पोहोंचलीं, आणि आज त्या वयाचीं पुष्कळ मुलें या रोगांतून उठून पुन्हां शाळेंत जातात. विद्यार्थिमित्रांनो, आपल्या श्रमाचें फळ आपल्याच डोळ्यांनीं पाहण्याचें भाग्य सर्वांस मिळतें असें नाहीं. तें हॉजकिन यांस मिळालें नाहीं. तुमच्यापुढें आज जें लहानसें काम आहे, मग तो प्रयोगवहींतील एखादा आंकडा असो कीं शेजारच्या मुलाच्या बाजूनें बोललेला एक खरा शब्द असो, तें चोख करा. त्याचा उपयोग कोणास व केव्हां होईल हें काळ ठरवील.